प्लास्टर निघाल्यावर: घोटा मोडल्यानंतर चालणं आणि जेवण पुन्हा मार्गी लावताना

दोन वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर माझा पाय शेवाळावरून सटकला आणि उजव्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, पण सहा आठवडे प्लास्टर. त्याआधी चार वर्षं मी रोज सकाळी तळजाई टेकडीवर पाऊण तास चालत होते, रात्रीचं जेवण आठच्या आत उरकत होते, आणि हे सगळं अंगवळणी पडलं होतं. गणपतीच्या आठवडाभर आधी प्लास्टर निघालं तेव्हा वजन साडेसहा किलोंनी वाढलेलं होतं आणि उजवी पोटरी डावीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक झाली होती.

मी मात्र मनाने तळजाईवरच होते. प्लास्टर निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन किलोमीटर चालून आले. रात्री पाय इतका सुजला की घोट्याचं हाडच दिसेना, आणि पुढचे बारा दिवस पाय पुन्हा उशीवर. त्याच आठवड्यात वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवणही बंद केलं होतं. अशक्तपणा आला तो वेगळाच.

ते बारा दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. माझं हाड जागेवरून सरकलेलं नव्हतं. तुमच्या पायात प्लेट किंवा स्क्रू असतील, मधुमेह असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, तर टप्प्यांचा क्रम साधारण हाच राहील, पण प्रत्येक टप्प्याला किती दिवस द्यायचे हे तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

आधी हे जमवून ठेवा

कागद: पहिला आणि शेवटचा एक्स-रे, दवाखान्याची फाइल, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी, आणि गेल्या काही महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, बी१२ आणि साखर हे चार रिपोर्ट नसतील तर करायचे का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं नवं नाही. माझं ड जीवनसत्त्वही कमी निघालं. मात्र ड जीवनसत्त्वाच्या पुड्या कुणाच्या सांगण्यावरून आपल्या मनाने घेऊ नका. त्याचा अतिरेकही बाधतो.

वस्तू: शिंप्याची टेप, सहा इंची पट्टी, एक वही, व्यायामाचा लवचीक रबरी पट्टा, बर्फाची पिशवी, बाथरूममध्ये बसायला न सरकणारं स्टूल, आणि मागून टाच घट्ट धरणारे बूट. घरात घालायलाही बंद चप्पल घ्या. स्लीपर या काळात नको, कारण ती पायात राहावी म्हणून बोटं आवळावी लागतात आणि चाल बिघडते.

१. डॉक्टरांकडून उत्तरं लिहून घ्या

प्लास्टर कापलं की एवढं हायसं वाटतं की आपण "हळूहळू चाला" एवढंच ऐकून बाहेर पडतो. हळूहळू म्हणजे किती, हे विचारायचं राहून जातं. म्हणून हे प्रश्न वहीत लिहून न्या: पायावर पूर्ण वजन टाकू का, की अर्धंच? वॉकर किंवा काठी किती दिवस? जिना कधी? खाली बसणं कधी? दुचाकी किंवा गाडी कधी? फिजिओथेरपी कधीपासून?

फिजिओथेरपी टाळू नका. रोज जाणं परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आठवड्यातून एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यायचे आणि घरी करायचे, असंही चालतं. मी एकूण सहा वेळा गेले. प्रत्येक वेळी व्यायामाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला, कारण घरी आल्यावर पाऊल आत वळवायचं होतं की बाहेर, हे हमखास विसरायला होतं.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. दिवसभरात घोटा सुजणं आणि पाय उंच ठेवून झोपल्यावर सकाळी सूज उतरणं, हे काही आठवडे चालतंच. पण पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, दाबल्यावर दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय बरेच दिवस हलला नाही की शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर एक मिनिटही न थांबता थेट हॉस्पिटल. आणि तोवर त्या पायाला मालिश करायची नाही, कुणी कितीही प्रेमाने तेल घेऊन आलं तरी.

२. पहिले दोन आठवडे: चालण्याआधी घोटा सोडवा

प्लास्टरमधून निघालेला पाय ओळखू येत नाही. कातडी कोरडी, खवले सुटलेले, पोटरी लोंबणारी. दगडाने घासू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, टिपून घ्या, हलक्या हाताने खोबरेल तेल लावा. आठवडाभरात कातडी आपोआप निघते.

मला सांगितलेले व्यायाम साधे होते. बसून पाऊल वर-खाली, वीस वेळा, दिवसातून चारदा. अंगठ्याने हवेत बाराखडी काढायची. जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी ओढून गोळा करायचा. खुर्चीत बसून टाचा उचलायच्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रबरी पट्टा. यातलं काहीही व्यायाम केल्यासारखं वाटत नाही, घामही येत नाही, म्हणूनच माणसं ते सोडून थेट चालायला लागतात. मीही तेच केलं होतं. ताठरलेल्या घोट्याने चाललं की पाऊल बाहेर फेकलं जातं, सगळा भार चांगल्या पायावर येतो, आणि महिन्याभरात कंबर आणि दुसरा गुडघा बोलायला लागतो.

घोटा किती सुटला हे मोजायची एक सोपी रीत आहे. डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला परवानगी दिल्यावरच करा. भिंतीकडे तोंड करून, हाताचा आधार घेऊन उभं राहा. पाऊल भिंतीपासून थोडं लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल आणखी थोडं मागे घ्या. टाच उचलल्याशिवाय गुडघा टेकेनासा झाला की त्याच्या अलीकडची जागा धरा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. माझ्या डाव्या पायाचं अंतर नऊ सेंटिमीटर होतं, उजव्याचं तीन. दर रविवारी हा आकडा वहीत लिहीत गेले. तीन, साडेतीन, साडेचार. वजनकाट्याकडे बघायची हिंमत नव्हती त्या दिवसांत या पट्टीनेच धीर दिला.

३. सकाळचा पाय काय सांगतो ते ऐका

मला हे कळायला बारा दिवस घालवावे लागले. व्यायाम करताना पाय ठीक वाटला, याचा अर्थ व्यायाम झेपला असा नाही. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून पहिलं पाऊल टाकताना कालपेक्षा जास्त दुखलं, किंवा रात्रभर उंच ठेवूनही सूज उतरली नाही, तर काल जास्त झालं होतं. त्या दिवशी चालणं निम्मं करा, बसून करायचे व्यायाम चालू ठेवा, आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. कालच्याइतकंच असेल तर आजही कालच्याइतकंच. सलग तीन सकाळी पाय चांगला असेल, तरच वाढवा.

चालायचं म्हणून वेदनाशामक गोळी घेऊ नका. गोळीने पाय गप्प बसतो आणि आपल्याला थांबवणारं कुणी उरत नाही.

४. जेवण: आधी ताट भरा, वजन नंतर बघू

या टप्प्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण गोंधळ इथेच सगळ्यांत जास्त होतो.

हाड मोडल्याचं कळलं की घरी डिंकाचे लाडू यायला सुरुवात होते. माझ्याकडे सहा आठवड्यांत चार घरांतून डबे आले. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, हाड भरून यायला नको का? खा." प्रेमाचा डबा परत करता येत नाही. पण एका मोठ्या लाडवात तूप, गूळ, खोबरं, सुकामेवा मिळून दीड-दोनशे कॅलरी सहज जातात, आणि पाय उशीवर ठेवून आपण दिवसाला तीन खातो. शेवटी मी काकूंना म्हटलं, "काकू, लाडू खूप झाले हो. तुमच्या हातची मोड आलेल्या मटकीची उसळ द्याल का?" त्यांना एवढा आनंद झाला की पुढे आठवड्यातून दोनदा उसळ येऊ लागली. तुमच्याही घरी डबे येत असतील तर नाही म्हणू नका, दुसरं काहीतरी मागा.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे वजन वाढलं म्हणून जेवणच तोडणं. हाड अजून पक्कं होत असतं, पोटरीचा स्नायू नव्याने भरायचा असतो. त्या दोघांना प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दुखण्यातून उठताना थोडी जास्त लागू शकतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

मी एक दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मोजून पाहिलं. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी-भात, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री पुन्हा आमटी-भात. पोट भरत होतं, पण प्रथिनं पस्तीस ग्रॅमच्या आतच. माझ्या वाटीतल्या आमटीत डाळ जेमतेम पंधरा ग्रॅम निघाली, म्हणजे प्रथिनं साडेतीन ग्रॅम. आमटी रोज असते म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि वाटीत पाणीच जास्त असतं.

त्यानंतर ताट असं बसवलं. नाश्त्याला दोन अंडी (१२ ग्रॅम) किंवा मुगाचं धिरडं. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, साधारण शंभर ग्रॅम पिठाच्या (१० ग्रॅम), चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९ ग्रॅम), वाटीभर दही (५ ग्रॅम). चार वाजता बिस्किटांऐवजी तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (७ ग्रॅम). रात्री तीस ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण (७ ग्रॅम), थोडा भात, आणि भाजी मात्र पोटभर. झोपताना पेलाभर दूध (६ ग्रॅम). बेरीज ५६. अंडी खात नसाल तर पन्नास ग्रॅम पनीर धरा, त्यात साधारण नऊ ग्रॅम मिळतात. कुठेही पावडरचा डबा लागला नाही.

कॅल्शियमसाठी नाचणी हाताशी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आंबील करा, भाकरी करा. नाचणीची बिस्किटं म्हणून जी मिळतात, त्यांच्या पाकिटावरची साखर आणि मैदा आधी वाचा.

आणि तंबाखू. मिश्री लावणं हाही तंबाखूच आहे, हे मुद्दाम सांगते, कारण घरातल्या बायका तो धरत नाहीत. निकोटिनमुळे हाड जुळायला वेळ लागतो. निदान हे काही महिने तरी सोडा, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

५. चालणं मिनिटांत मोजा

किलोमीटर मोजले की जुना आकडा आठवतो. म्हणून मिनिटं. मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिनिटांनी, गच्चीवर, सपाटीवर. तीन चांगल्या सकाळी मिळाल्या की प्रत्येक वेळेत दोन मिनिटं वाढवली. वीस मिनिटांपर्यंत पोचायला दीड महिना गेला. मध्ये दोनदा मागे यावं लागलं.

ओला रस्ता, उखडलेला फुटपाथ, पेव्हर ब्लॉकची गल्ली सुरुवातीला टाळा. गच्ची, शाळेचं पटांगण, सोसायटीतली मोकळी जागा बरी. अंधारात चालू नका. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर. घरातल्या लहान मुलालाही हे सांगून ठेवा, ते बरोबर आठवण करून देतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. तो आकडा पोचायच्या गावाचा आहे. मला तिथे पोचायला चार महिने लागले.

६. बाकीच्या शरीराला बसवून ठेवू नका

घोटा सावकाश चालला आहे म्हणून हात, पाठ, पोट यांनी थांबायचं कारण नाही. भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि डॉक्टर हो म्हणाले की खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. एक दिवसाआड पंधरा मिनिटं पुरतात.

तोल मात्र रोज. चहाचं आधण ठेवलं की ओट्याला दोन बोटं टेकवून दुखऱ्या पायावर उभी राहायचे. पहिल्या दिवशी चार सेकंद जमलं, पाय थरथरत होता. चहाला उकळी येईपर्यंत उभं राहता आलं तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. हे सोडू नका. हाड जुळलं तरी घोट्याची तोल सावरायची सवय मोडलेली असते, आणि पुन्हा पाय मुरगळतो तो त्यामुळेच.

सूर्यनमस्कार, वज्रासन, उकिडवं बसणं यांची घाई नको. तिन्हींत घोटा पार टोकापर्यंत वाकतो. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर खुर्चीचं स्टँड आणा, लाजू नका.

७. सण आणि खंड

पावसाळ्यात हाड मोडलं की बरं होण्याचे दिवस नेमके श्रावण ते दिवाळीत येतात. मोदक खा, जेवणात, तुपासकट. वजन मोदकाने वाढत नाही, दहा दिवस येता-जाता तोंडात टाकलेल्या पेढे, खिरापत आणि फरसाणाने वाढतं. मी एकच नियम ठेवला होता, गोड खायचं ते पानातच.

नवरात्राचे उपवास करणार असाल तर साबुदाण्यावर नऊ दिवस काढू नका. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वरई, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध यांवर भर द्या. या वर्षी उपवास धरला नाही तरी चालेल का, असं मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "देवीला तुझा पाय बरा व्हायला हवाय."

व्यायामात खंड पडणारच. पाहुणे येतील, ताप येईल. चुकलेले दिवस पुढच्या दिवसांत भरून काढायचे नाहीत. दोन-तीन दिवस गेले तर होता त्याच आकड्यावरून सुरू करा. आठवडा गेला तर निम्म्यावरून. दोन आठवडे गेले तर पाच मिनिटांवरून, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दुसऱ्यांदा तो रस्ता लवकर कापला जातो.

८. वजनकाट्यावर कधी उभं राहायचं

पहिले दोन महिने नको. त्याऐवजी दर रविवारी टेपने पोटरी आणि कंबर मोजा. पोटरी दर वेळी एकाच जागी, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर. कंबरेसाठी आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही सावध व्हायची रेघ मानतात. पोटरी वाढते आणि कंबर घटते आहे, तर काटा काहीही म्हणो, तुम्ही बरोबर चालला आहात.

तिसऱ्या महिन्यापासून महिन्यातून दोनदा वजन करा. महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ. माझे साडेसहा किलो उतरायला सात महिने लागले, आणि शेवटचा किलो अजून येऊन-जाऊन असतो.

९. टेकडीवर परत जाताना

चढ लवकर जमतो, उतार उशिरा. उतरताना पुढे झुकणारं सगळं वजन घोट्याला सावरावं लागतं. म्हणून पहिल्या काही वेळा तळजाईला रिक्षाने वर गेले, वरच्या सपाट रस्त्यावर चालले आणि रिक्षानेच खाली आले. फेब्रुवारीत पहिल्यांदा चालत चढले. उतरताना काठी घेतली होती, आणि ती पावसाळाभर ठेवली.

आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी, सोसायटीच्या सचिवांना सांगून तो पार्किंगचा उतार ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासून घेतला. पाऊस सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी तो घासला जातो. तुमच्याही जिन्याखाली, नळापाशी, गच्चीच्या दारात हिरवट जागा असेल. आज उजेडात जाऊन बघून या.